मिरचीचा खुराक

वाळक्या जिवाला अंगानं भरवायचं काम असेल तर ते निर्धास्तपणे माझ्यावर सोपवावं. ही बढाई नाही. उभं आयुष्य सांगलीजवळच्या एका तालमीत पैलवानांचा स्वयंपाक करण्यात गेलं. काडीसारखी पोरं यायची, माझ्या हातचं खायची आणि वर्षभरात दारातून अंग तिरकं करून आत शिरायची. त्यामुळे आमच्या नातीनं, रुचानं, एक हडकुळी कुत्री घरात आणली तेव्हा सूनबाईंचं तोंड उतरलं आणि माझ्या बाह्या वर सरकल्या.

आमचा रणजित फौजेत आहे. सध्या त्याची नेमणूक वर डोंगरात, म्हणून सूनबाई शुभदा, रुचा आणि मी लखनौला तेलीबागेत भाड्याच्या घरात राहतो. रुचाला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. तेही हल्ली येईनासं झालं होतं. बदल्यांमागे शाळा बदलून बदलून पोरगी अबोल झाली होती. ही कुत्री आली आणि घरात पुन्हा मोठ्यानं हसणं ऐकू यायला लागलं.

कुत्रीचं नाव मिरची. रंगानं तांबडी, अंगानं लांब आणि शेपटीकडे निमुळती. फासळ्या अशा की कुणी समोर बसून पेटी वाजवावी. आणि अंगात वारं! गॅलरीत कावळा बसला की ही टेबलाखालून, सोफ्यावरून, सूनबाईंच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून गॅलरीत जायची. कावळा उडून आलमबागेला पोहोचला तरी हिच्या फेऱ्या चालूच. झोपेतसुद्धा चारी पाय पळत असायचे.

तिला दिलं होतं निकहत बाजींनी. इकडे थोरल्या ताईला बाजी म्हणतात. त्या भटकी कुत्री सांभाळतात आणि चांगलं घर बघून देतात. पोचवायला स्वतः आल्या होत्या.

"बाबूजी, बुरा मत मानिएगा," चहाचा घोट घेत त्या म्हणाल्या, "बच्ची बहुत कमजोर है. महीना भर आपके पास रहेगी. दो किलो बढ़ गई तो आपकी. वरना मलिहाबाद में एक बाग वाले हैं, खुली जगह है, वहाँ भेजनी पड़ेगी."

हे सगळं इतक्या गोड आवाजात की ही धमकी होती हे मला कप विसळताना समजलं. रुचाला मात्र लगेच समजलं होतं. ती मिरचीच्या गळ्यात हात टाकून बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

"आजोबा, हो जाएगा ना?"

"दोन किलो? अगं, दोन किलो म्हणजे आमच्या पैलवानांचा सकाळचा नाश्ता."

आधी आलमबागेत कुत्र्यांच्या खाण्याचं दुकान गाठलं. पाकिटावरची किंमत बघून मला वाटलं हा दुकानाचा फोन नंबर असेल. मी वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे हाती आलेलं सगळं शेवटपर्यंत वाचतो. पाकीट उलटं केलं. मागे लिहिलेलं: तांदूळ, मका, कोंबडी, अंड्याची पूड. मी पाकीट परत फळीवर ठेवलं. हा सगळा माल आमच्या घरात होता, आणि तोही पूड न झालेला.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मिरचीला तपासलं, जंताचं औषध दिलं. म्हणाले, तब्येत ठीक आहे, फक्त खाते त्यापेक्षा जास्त पळते. दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. भात, उकडलेली अंडी, कोंबडी, रताळं. मीठ नको, कांदा-लसूण नको. खाल्ल्यावर लगेच पळवू नका.

"आणि बदाम-बेदाणे?" मी विचारलं. आमच्याकडे त्याशिवाय खुराक होत नाही.

"बाबूजी, किशमिश तो इनके लिए जहर है. पहलवानी मत कराइए, बस पेट भरिए."

ठीक आहे. खाटकाकडून कोंबडीचे पंजे आणि माना आणल्या, त्या त्याच्याकडे स्वस्तात मिळतात. रस्सा केला, माना-पंजे गाळून टाकले, त्या रश्शात भात मऊ शिजवला, वर अंडी आणि हाडं काढलेली थोडी कोंबडी कुस्करली. वास असा सुटला की वरच्या मजल्यावरचे मिश्राजी, शुद्ध शाकाहारी गृहस्थ, जिन्यात येऊन उभे राहिले आणि आपण कशासाठी आलो हे त्यांना सांगता येईना.

मिरचीनं वाटी हुंगली आणि गॅलरीत निघून गेली.

आता आमच्या तालमीत एक रिवाज होता. कुस्तीच्या दिवसांत पैलवानाच्या मनात भलत्या शंका येतात, अन्नात कुणी काही घातलं तर? म्हणून वाढणाऱ्यानं त्याच्यासमोर बसायचं आणि त्याच पातेल्यातला पहिला घास स्वतः खायचा. मग पैलवान ताटाला हात लावणार. मी म्हटलं, हिचंही तेच असणार. रस्त्यावरचा जीव, कुणी काय काय घालून दिलं असेल हिला. मी ताटली घेऊन जमिनीवर बसलो, पातेल्यातलं थोडं वाढून घेतलं, मीठ आणि तूप टाकलं आणि तिच्या देखत एक घास खाल्ला.

मिरची आली. मला हुंगलं, वाटीत दोनदा तोंड घातलं. मग घराला एक चक्कर मारून परत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी दुसरा घास खाल्ला. तिनं पुन्हा दोनदा तोंड घातलं. चक्कर मारून आली.

"अण्णा, हे किती वेळ चालणार?" सूनबाईंनी विचारलं.

"पातेलं संपेपर्यंत."

पातेलं संपलं. दिवसातून चार वेळा संपायला लागलं.

वजनाचा प्रश्न होता. घरी बाथरूममधला काटा आहे, पण मिरची त्यावर उभी राहीना. एक पाय ठेवायची आणि बाकीचे तीन गॅलरीत असायचे. सूनबाईंनी युक्ती सांगितली. "अण्णा, आधी तुम्ही एकटे उभे राहा. मग तिला उचलून उभे राहा. मोठ्या आकड्यातून तुमचा वजा करा, उरलं ते तिचं."

मी एकटा बासष्ट भरलो. तो आकडा पक्का डोक्यात ठेवला. त्यानंतर दर रविवारी मिरचीला उचलायचं, काट्यावर उभं राहायचं, बासष्ट वजा करायचे.

आणि पोरगी वाढायला लागली हो! पहिल्या रविवारी अर्धा किलो. पुढच्या रविवारी त्याहून जास्त. रुचा टाळ्या वाजवायची, मिरचीच्या अंगावर लोळायची. कुत्रीच्या फासळ्या अजून दिसत होत्या, पण मी म्हटलं, वजन आधी आतून भरतं, बाहेर नंतर दिसतं. तालमीतला अनुभव.

गल्लीत बोलबाला झाला. मिश्राजी संध्याकाळी हळूच येऊन म्हणाले, "भाईसाहब, हमारा बेटा भी बहुत दुबला है. वही खुराक, मगर बिना मुर्गी के, हो सकता है क्या?" मी म्हटलं, बघतो.

त्याच सुमारास रणजितचा व्हिडिओ कॉल आला. "अण्णा, तुम्ही फुगल्यासारखे दिसताय."

"डोंगरात नेटवर्क वाईट असतं. चित्र पसरतं."

सूनबाई म्हणाल्या, सदऱ्याची बटणं ताणलेली दिसतात. मी म्हटलं, तो इस्त्रीवाला भैया कापड आटवतो, त्याला मी बोलणारच आहे. बोललोही. तो बिचारा हात जोडून माफी मागून गेला.

मग आले बडे मंगल. आपल्या पंचांगात अजून वैशाख असतो, पण इकडे ज्येष्ठ आधीच लागतो, आणि त्यातल्या प्रत्येक मंगळवारी लखनौत मारुतीच्या नावानं गल्लोगल्ली मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी, सरबत. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही उपाशी पुढे जाऊ देत नाहीत. आणि मी तालमीतला माणूस. मारुतीचा प्रसाद नाकारायला माझी जीभ कशी वळणार?

सकाळी मिरचीला घेऊन निघालो. पहिल्याच मांडवात पत्रावळ हातात आली. दुसऱ्या मांडवात मी हात जोडले, "बस, अभी खाया है."

"वो तो उनका था, बाबूजी. हमारा कहाँ खाया?"

बरोबर होतं. खाल्लं. तिसऱ्या मांडवाशी मिरचीला समोरच्या भिंतीवर मांजर दिसलं. तिची दोरी सरबताच्या पिंपाच्या तिवईला गुंडाळली गेली, पिंप एका बाजूला कलंडलं आणि गुलाबी सरबताचा लोंढा माझ्या धोतरावरून थेट रस्त्यावर गेला. मी दगडासारखा उभा. वाटलं, आता परक्या गावात मार खायचा.

मांडवातली माणसं धावत आली. एकानं खुर्ची दिली, एकानं पाणी दिलं. "अरे, बाबूजी घबरा गए हैं. पहले इन्हें कुछ खिलाओ." आणि त्यांनी मला पोट फुटेस्तोवर पुऱ्या खाऊ घातल्या. मिरचीलाही कुणी पुरी टाकली. तिनं हुंगली आणि मांजराच्या मागे गेली.

रविवारी काट्यावर उभा राहिलो. बासष्ट वजा केले. मिरची साडेतीन किलो वाढली होती. मी रुचाला म्हटलं, "निकहत बाजींना सांग, दोन मागितले होते, वर दीड आमच्याकडून."

बाजी आल्या. त्यांनी आपला सपाट काटा आणला होता, कुत्र्यांसाठीचाच. तोंडानं हलकी शीळ घातली आणि मिरची शहाण्यासारखी त्यावर जाऊन उभी राहिली. बाजी वाकून बघत राहिल्या.

"बाबूजी, आधा किलो बढ़ी है."

"आधा नहीं. साढ़े तीन."

"आधा ही है."

"आपका काँटा खराब है," मी म्हटलं. वर 'बुरा मत मानिएगा' जोडलं, इतकं इथं राहून शिकलो होतो.

 रुचाचा चेहरा परत पहिल्यासारखा मिटत चालला होता. ते मला बघवेना. मी तरातरा जाऊन बाथरूममधला काटा आणला. "हा बघा आमचा काटा. यात खोट नाही. मी बासष्ट भरतो, दाखवतो." आणि एकटाच वर उभा राहिलो.

रुचा खाली वाकली. तिनं आकडा वाचला. मग माझ्या पोटाकडे बघितलं. मग परत आकडा वाचला.

"पैंसठ," ती म्हणाली.

मी उतरलो, परत चढलो. पासष्टच.

"अण्णा," सूनबाईंनी हळू आवाजात विचारलं, "तुम्ही स्वतःचं वजन शेवटचं कधी केलंत?"

"पहिल्या दिवशी. वजन पैलवानाचं करतात, स्वयंपाक्याचं कशाला?"

निकहत बाजींनी ओढणी तोंडावर धरली. त्यांचे खांदे हलत होते. पण ओढणी खाली आली तेव्हा त्या गंभीर होत्या. "बाबूजी, मोहब्बत में कोई कमी नहीं. मगर हमें तो बच्ची का देखना है ना. बाग वालों को मैंने आज का कहा हुआ है."

 जन्मात पहिल्यांदा माझ्या हातचं खाऊन कुणाचं भरलं नव्हतं, आणि नेमकं इथं.

तेव्हा रुचा उठली. जी पोरगी पाहुण्यांसमोर नाव सांगायला लाजते, ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या पोटावर हात ठेवला.

"आंटी, खाने में दम है. सबूत सामने खड़ा है. महीने भर में तीन किलो. बस गलत आदमी को लग गया." मग श्वास घेऊन मराठीत म्हणाली, "आजपासून मिरचीला मी वाढणार. आजोबा फक्त एक घास खाणार. मी मोजणार."

बाजींनी माझ्याकडे बघितलं, सूनबाईंकडे बघितलं, मग मिरचीच्या अंगावरून हात फिरवला. "बाल तो चमक रहे हैं," त्या पुटपुटल्या. "आधा किलो भी इसके लिए कम नहीं, घर में दौड़ती ही इतनी है." मग फोन काढून बागवाल्यांना सांगितलं की अजून एक महिना थांबा. रुचानं मिरचीला असं कवटाळलं की तिला पहिल्यांदाच पळता आलं नाही.

आता घरात नवी शिस्त आहे. रुचा वाटी भरते, गॅलरीचं दार लावते, मी एक घास खाऊन तोंड दाखवतो आणि बाहेर पडतो. खाऊन झालं की मिरची तासभर झोपते. सकाळच्या फेरीला तिला कमी चालवतात आणि मला जास्त. इस्त्रीवाल्याची मी माफी मागितली, पण तो म्हणतो, नाही नाही, चूक आपलीच असणार.

पुढच्या महिन्यात निकहत बाजी पुन्हा येणार आहेत, आणि या वेळी काट्यावर दोघांना उभं राहायचं आहे. मिरचीचं दीड किलो वाढलं पाहिजे आणि माझं तीन किलो उतरलं पाहिजे. तिचं जमलं नाही तर ती मलिहाबादेला जाणार, हे ठरलेलं आहे. माझं जमलं नाही तर काय, यावर सूनबाई अजून काही बोललेल्या नाहीत. पण त्या बागेत खुली जागा भरपूर आहे, एवढं काल दोनदा म्हणाल्या.