बाराचे दोनशेवीस

डेल्फिनाने आपली अट भांडी विसळता विसळता सांगितली, मागे वळूनसुद्धा न बघता.

"तुझं ते नाकावरचं मशीन कॅम्परमध्ये चालणार असेल, तर मी येते. चालणार नसेल, तर तू एकटा जा. आणि आल्यावर मला सांग, तळं अजून जागेवर आहे का ते."

आन्सेल्मो टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने गोळा करत बसला होता. अटीत राग येण्यासारखं काही नव्हतं. त्याचं घोरणं अर्जेंटिनाच्या मैदानातल्या आमच्या आसूल गावात कुणाला नवीन नाही. लग्नानंतर काही वर्षं डेल्फिनाने ते सोसलं, आणि मग एक दिवस उशी काखोटीला मारून ती मागच्या खोलीत झोपायला गेली, ती तिथलीच झाली. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्याला झोपेत श्वास पुरवणारं मशीन दिलं. मुखवटा नाकावर चढवला की हा माणूस आता चिडीचूप झोपतो. तरी डेल्फिना मागच्या खोलीतून परत आली नाही. सवय झाली होती, आणि सवय मोडायला काहीतरी निमित्त लागतं.

ते निमित्त म्हणजे हा कॅम्पर. मोटारीच्या मागे जोडून न्यायची चाकांवरची खोली, आत गॅसची शेगडी, मोरी, आणि दोघांचा मिळून एकच पलंग. पिठाच्या गिरणीतल्या वजनकाट्यावरून निवृत्त झाल्यावर आन्सेल्मोने तो जुना घेतला. डेल्फिना मूळची दक्षिणेकडच्या डोंगरातली, आलुमिनेच्या तळ्याकाठची. लग्न होऊन इथे मैदानात आली तेव्हा आन्सेल्मोने तिला शब्द दिला होता, दर उन्हाळ्यात माहेरी नेईन. कधी गिरणीचा हंगाम आडवा आला, कधी मुलींची आजारपणं. तिची आई गेली तेव्हा घाटातले रस्ते बर्फाने बंद होते. डेल्फिनाने यातलं काही कधी बोलून दाखवलं नाही, आणि नेमकं तेच आन्सेल्मोला आतून खात होतं. या उन्हाळ्यात तिला घेऊन गेलो नाही तर परत कधीच जाणं होणार नाही, असं त्याने मनाशी धरलं होतं.

त्यामुळे त्याने घाईने मेहुण्याला बोलावलं. तिथे चुकलं.

इलारिओ हा डेल्फिनाचा धाकटा भाऊ. आसूलमध्ये पाण्याचे पंप विकतो, आणि पंप सोडून बाकी सगळ्यातलं त्याला कळतं. त्याने कॅम्परला एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारून बघितली आणि म्हणाला, "दाजी, कॅम्परची बॅटरी बारा व्होल्टची. तुमचं मशीन भिंतीतल्या प्लगवर चालतं, म्हणजे दोनशेवीसचं. मध्ये एक इन्व्हर्टर टाकला की बाराचे दोनशेवीस होतात. संपला विषय."

इलारिओ "संपला विषय" म्हणाला की विषय सुरू होतो, हे त्याच्या घरचे सगळे जाणून आहेत. पण आन्सेल्मो त्या दिवसांत आशेवर जगत होता.

इन्व्हर्टर आला. चपलेच्या खोक्याएवढा, गरीब दिसणारा. दोघांनी तो पलंगाखाली बसवला, बॅटरीपासून वायर ओढली, डोक्याशी एक प्लग लावला. चाचणी रविवारी वामकुक्षीच्या वेळी घ्यायची ठरली, कारण आसूलमध्ये माणूस झोपतो तो खरा तेव्हाच. इलारिओने गावच्या क्लबातल्या मंडळींना जेवायला बोलावून ठेवलं होतं. आमच्याकडे नवीन काहीही निखाऱ्यावर मांस भाजल्याशिवाय सुरू होत नाही, मग ते लग्न असो की इन्व्हर्टर.

जेवणं झाली. आन्सेल्मो सगळ्यांच्या देखत पलंगावर आडवा झाला, मुखवटा चढवला, आणि मशीन सुरू झालं. पाहुणे खिडकीतून आणि दारातून टोप्या काढून बघत उभे राहिले. अनोळखी माणसाला वाटलं असतं, कुणाचं तरी अंत्यदर्शन चाललं आहे. आन्सेल्मोला खरोखरच डोळा लागला. घोरणं नाही, काही नाही. डेल्फिना दारात हात पुसत उभी होती. "चालतंय की," ती म्हणाली, आणि बॅग उतरवायला घरात गेली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सगळ्यांचं लक्ष आन्सेल्मोच्या नाकाकडे होतं, आणि शेगडीवर येर्बासाठी, म्हणजे आमच्या कडू चहासाठी, ठेवलेलं पाणी तेवढ्यात उकळलं.

हे ज्याला क्षुल्लक वाटेल, तो आमच्यात राहिलेला नाही. भोपळ्याच्या भांड्यातल्या येर्बाच्या पाल्यावर ओतायचं पाणी कढत हवं, पण उकळलेलं नको. उकळलेल्या पाण्याने पाला जळतो. आन्सेल्मो मशीन चालूच ठेवून उठून बाहेर आला, तेव्हा क्लबाचे अध्यक्ष कासिमिरोकाका यांनी नळीने एक घोट घेतला, भांडं परत केलं आणि नजर कुंपणाकडे वळवली. ते काहीच बोलले नाहीत. असं काही न बोलणं आसूलमध्ये माणसाच्या मयतापर्यंत लक्षात ठेवतात.

"दाजी," इलारिओ आन्सेल्मोला बाजूला घेऊन म्हणाला, "गॅसचा भरवसा नाही. विजेची किटली आणा. पाणी बरोबर झालं की ती आपोआप बंद पडते. इन्व्हर्टर आहेच आपला. संपला विषय."

किटली घरातून आणली आणि प्लगला लावली. इन्व्हर्टरने एक लांब किंकाळी फोडली, कुठेतरी फ्यूज उडाला, आणि किटलीबरोबर श्वासाचं मशीनही बंद पडलं. आन्सेल्मोने पलंगाखाली डोकं घातलं. कासिमिरोकाकांनी टोपी घातली.

खरं तर मशीन बिचारं त्या छोट्या इन्व्हर्टरवर वर्षभर सुखाने चाललं असतं. पण आन्सेल्मोला रात्रंदिवस कासिमिरोकाकांची ती नजर दिसायला लागली. आपल्या कॅम्परमध्ये जळकी येर्बा मिळते, ही गोष्ट गावात राहणार आणि आपण दक्षिणेत असणार, हे त्याला सहन होईना. त्याने मोठा इन्व्हर्टर आणला.

मोठा इन्व्हर्टर जेवढा जोरकस, तेवढा खादाड. किटली लावली की एकटी बॅटरी धापा टाकायची आणि भोंगा वाजायचा. म्हणून दुसरी बॅटरी आली, मग तिसरी. त्या मागच्या बाजूला ठेवल्या, आणि आन्सेल्मो त्या नीट बसल्यात का बघायला आत मागच्या टोकाला गेला तेव्हा कॅम्परने पुढचं नाक उचललं आणि शेपटीवर बसला. मोरीतल्या बश्या त्याच्या अंगावर आल्या. उभा जन्म वजनकाट्यावर काढलेल्या माणसाला ते फार लागलं.

"पुढे सरकवू," इलारिओ म्हणाला.

पुढे पलंग होता. पलंगाखाली बॅटऱ्या मावल्या, पण इन्व्हर्टर मावेना, आणि त्याला हवाही लागायची. तेव्हा पलंगाची एक बाजू कापून तिथे जाळीचं कपाट केलं. एवढी वीज आहेच तर वाया का घालवायची, म्हणून बारा व्होल्टची सॉकेटंही बसवली. दाराशी, मोरीशी, पंख्यासाठी, बाहेर अंगणात बसल्यावर लागेल म्हणून बाहेरच्या बाजूला. एक सॉकेट कपड्यांच्या कपाटातही निघालं. तिथे कुणाला चार्ज करायचं होतं, हे इलारिओला विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

अखेर किटली चालली. कासिमिरोकाकांना खास बोलावणं गेलं. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, उघडले. "ठीक आहे," ते म्हणाले. आन्सेल्मोच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने मेहुण्याला मिठी मारली.

तेवढ्यात डेल्फिना आली. हातात तिची उशी होती, तीच, मागच्या खोलीतली. धुतलेला अभ्रा घातलेली. ती कॅम्परमध्ये चढली आणि पलंगाकडे बघत उभी राहिली. पलंग आता एका माणसाचा उरला होता, तोही कुशीवर झोपला तर.

"आन्सेल्मो," ती म्हणाली, "ही कुठे ठेवू?"

आन्सेल्मोने पलंगाकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं. जिला न्यायचं म्हणून हा सगळा खटाटोप मांडला होता, तिच्याचपुरती जागा कापून टाकली होती. डेल्फिना वाट बघून खाली उतरली आणि उशी पोटाशी धरून घरात गेली. थोड्या वेळाने बॅगेची चेन उघडल्याचा आणि कपाटाचं दार वाजल्याचा आवाज आला. ती कपडे परत लावून ठेवत होती.

आन्सेल्मो कॅम्परच्या पायरीवर बसला. कासिमिरोकाका शेजारी येऊन बसले आणि त्यांनी त्याला येर्बाचं भांडं भरून दिलं. आन्सेल्मोने ते नुसतंच हातात धरून ठेवलं.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"तू एकटा नाहीस," कासिमिरोकाका म्हणाले आणि इलारिओकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेल्फिना रोजच्यासारखी आन्सेल्मोच्या खोलीत केर काढायला गेली. मशीन पुसायचं कामही तिचंच. आन्सेल्मो आणि इलारिओ अंगणात बॅटऱ्या मोजत होते, कुठली काढली तर किती जागा होईल म्हणून. ती मशीनच्या वायरीतला काळा ठोकळा हातात घेऊन बाहेर आली.

"एक विचारू? हा ठोकळा भिंतीतली वीज घेतो आणि मशीनला देतो ना?"

"हो, ताई," इलारिओ म्हणाला.

"यावर लिहिलंय, घेतो दोनशेवीस, देतो बारा." तिने कॅम्परकडे हनुवटी केली. "आणि तुमच्या बॅटरीत किती आहेत?"

इलारिओ एका बॅटरीवरची धूळ पुसू लागला.

"म्हणजे बाराचे दोनशेवीस करायचे, आणि या ठोकळ्याने त्याचे परत बारा करायचे. आसूलहून शेजारच्या तांदिलला जायला कुणी ब्युनोस आयर्सवरून जातं का?"

"ते जरा तांत्रिक असतं, ताई," इलारिओ पुटपुटला.

"तू गप्प बस."

आन्सेल्मोने ठोकळा हातात घेतला, चष्मा वर केला, खाली केला. लिहिलं होतं खरं. "तू आधी का नाही बोललीस?" त्याने विचारलं.

"तुम्ही दोघं इतके गंभीर होतात," डेल्फिना म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माहीत असणार."

मोठा इन्व्हर्टर, दोन बॅटऱ्या आणि किटली क्लबाला गेली. पलंगाला नवी फळी बसली. सॉकेटं काढून त्यांची भोकं बुजवली, फक्त पलंगाच्या डोक्याशी एक ठेवलं. इलारिओने एक साधी वायर जोडून दिली, अधिक-उणे दोनदा तपासून, आणि मशीन थेट बारावर सुरू झालं. "संपला—" तो म्हणायला गेला, पण ताईकडे बघून थांबला. डेल्फिनाने बॅग परत भरली.

पहिल्या दिवशी दुपारी ते वाटेतल्या रिओ कोलोरादो नदीच्या अलीकडे पॉपलरच्या सावलीत थांबले. जेवले. डेल्फिनाने गॅसवर पाणी ठेवलं आणि ते कढत होईपर्यंत त्याच्यावरून नजर हलवली नाही, म्हणून ते उकळलंच नाही. मग दोघं पलंगावर आडवी झाली. इतक्या वर्षांनी दोन उशा शेजारी होत्या. आन्सेल्मोने मुखवटा चढवला आणि मशीन लावलं. आवाज म्हणाल तर नाहीच.

आणि त्या शांततेत डेल्फिना घोरायला लागली.

आधी आन्सेल्मोला वाटलं, बाहेर ट्रक चढ चढतोय. पण रस्ता सपाट होता. आवाज शेजारच्या उशीतून येत होता, मोकळा, दणदणीत, मध्येच अडखळणारा आणि पुन्हा नव्या जोमाने सुरू होणारा. इतकी वर्षं ती मागच्या खोलीत एकटी झोपली होती. तिला कोण सांगणार होतं, आणि पुढच्या खोलीतल्या त्याच्या स्वतःच्या आवाजातून त्याला तरी काय ऐकू येणार होतं? आन्सेल्मोचा डोळा लागला नाही. तो छताकडे बघत पडून राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला आयुष्यात इतकं बरं फार थोड्या वेळा वाटलं होतं.

"झोपलास?" डेल्फिनाने उठल्यावर विचारलं.

"छान."

"बघ, चाललं की नाही?"

"चाललं," आन्सेल्मो म्हणाला. पुढच्या गावात औषधाच्या दुकानातून त्याने कापूस घेतला. खिडकीच्या फटीतून वारा येतो, असं त्याने सांगितलं.

तळं जागेवर होतं. डेल्फिना काठावर कितीतरी वेळ उभी राहिली, मग आईच्या कबरीवर जाऊन आली. संध्याकाळी तिची मामेबहीण एर्मेलिंदा उकडलेले पिन्योन, तिथल्या डोंगरातल्या पाइनच्या बिया, घेऊन कॅम्परपाशी बसायला आली.

"एवढ्याशा डब्यात दोघं कसे गं झोपता?"

"अगं, याच्या मशीनमुळे अगदी शांत असतं," डेल्फिना म्हणाली. "नाही तर मी आलेच नसते. तुला माहीत आहे ना, मला शेजारी घोरलेलं मुळीच खपत नाही."

एर्मेलिंदाने आन्सेल्मोकडे बघितलं. आन्सेल्मोने एक पिन्योन सोलून तोंडात टाकला आणि तो सावकाश चावत राहिला.