भुजंगरावांच्या ट्रकचं दुखणं

आमच्या हर्सूलच्या गल्लीत सकाळी आठ वाजता कुकरची शिट्टी वाजवायला बंदी आहे. बंदी समोरच्या भुजंगरावांची. त्या वेळी ते लांब पेचकस जुन्या ट्रकच्या इंजिनाला टेकवतात, त्याची मूठ कानाला लावतात आणि ओरडतात, "ताई, गॅस बंद करा! म्हातारी बोलू राहिली!"

मुलांनो, म्हातारी म्हणजे ट्रक. तीस वर्षं भुजंगरावांनी तो चालवला. गेले तीन आठवडे सेल्फ मारला की तो घरघरतो, पण इंजिन काही पकडत नाही. रोज अर्धी गल्ली निदानाला जमते. वकील म्हणतात बॅटरी, दूधवाला म्हणतो फिल्टर. भुजंगराव सगळ्यांना चहा पाजतात आणि सगळ्यांना उडवूनही लावतात. "वकीलसाहेब, बॅटरी गेली असती तर सेल्फ फिरला असता का? कोर्टात बी असंच बोलता व्हय?"

कुणी भंगाराचं नाव काढलं, की मात्र पेचकस रोखला जातो. "इंजिन मरत नसतंय. माणसंच लवकर हात टेकतेत!"

मला गोंधळ खपत नाही. मी वहीत यादी केली : बॅटरी, फिल्टर, पंप, डिझेलची नळी. तपासून झालं की खूण. नळीपुढची जागा तेवढी रिकामी राहिली. तिथं माझं बोट पोचलं, की भुजंगरावांना चहा आठवायचा.

रविवारी शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा त्यांचा मुलगा गिऱ्हाईक घेऊन आला.

"चालू झाली तर आत्ता नेतो," गिऱ्हाईक म्हणालं.

"आधी चालू तर करून दाखव!" भुजंगराव गुरगुरले.

"अण्णा, द्या ना विकून. नुसती जागा अडलीय," मुलगा म्हणाला.

सेल्फ फिरला. इंजिन गप्प. मी चष्मा लावून वाकले. नळीचा नट डिझेलनं ओला, दोन आटे सैल. तिथूनच हवा आत शिरत होती. नट सैल करायचा पाना भुजंगरावांच्या सदऱ्याच्या खिशातून डोकावत होता.

मी मान वर केली. ते माझ्याकडंच बघत होते. अगदी हळू म्हणाले, "ताई, कारभारीण गेल्यापासून दारात कुणी येत नव्हतं. ही चालू झाली, तर उद्या सकाळी कोण येईल?"

चौतीस वर्षं शाळेत मी मुलींना खरं बोलायला शिकवलं. मी वही मिटली आणि गिऱ्हाइकाला ठणकावून सांगितलं, "या इंजिनाचं काही खरं नाही. अजून दोन महिने तरी तपासणी चालेल."

"दोन?" भुजंगराव उसळले. "चार धरा, ताई!"