डक्टमधून उतरलेला लोफ

"माझं आता तिथून हलायचं नक्की झालंय. पण तिला सांगायचं कसं? कळलं तर ती..."

एवढं ऐकू आलं आणि नेमका तेव्हाच वरच्या मजल्यावर कुणीतरी नळ सोडला. पुढचं सगळं पाण्याबरोबर वाहून गेलं.

आवाज नर्सबाईचा होता, वरच्या मजल्यावरून आलेला. नर्सबाई म्हणजे माझ्या समोरच्या दारात राहणारी, आणि 'ती' म्हणजे मी. या इमारतीत एखादी गोष्ट सांगायला अवघड अशी दुसरी बाई नाही.

आता तुम्ही म्हणाल, वरच्या मजल्यावरचं बोलणं तुम्हाला कसं ऐकू आलं? तर आमच्याकडे मागच्या बाजूला एक डक्ट आहे. पाइप जातात, कबुतरं राहतात, फोडणीचा वास फिरतो आणि बोलणं खाली उतरतं. मी मुद्दाम कान लावत नाही. मी फक्त स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवते. (खिडकीजवळ एक स्टूल आहे. त्यावर मी बसते. एवढंच.)

नर्सबाईची आणि माझी मैत्री मुलं लहान होती तेव्हापासूनची. रात्रपाळी करून ती सकाळी झोपते, उठली की माझ्याकडे चहाला येते. कान तुटलेला निळा कप तिचा. त्यात मी दुसऱ्या कुणाला चहा देत नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही. चहाबरोबर ती मला दवाखान्यातलं सांगते, मी तिला इमारतीतलं. दोघींचं मिळून सगळं जग होतं.

मग वरच्या मजल्यावर ती राहायला आली.

तिचं नाव मी ट्रेडमिल ठेवलं. वय तिशीचं, अंगावर कायम व्यायामाचे कपडे, आणि लिफ्टची वाट बघतानाही बाई जागच्या जागी चालायची. घरात माणूस एक आणि वजनकाटे दोन. एक तिच्यासाठी आणि एक तिच्या जेवणासाठी. (हे मला कामवालीकडून कळलं. मी विचारलं नव्हतं. मी फक्त म्हटलं, "काय गं, वर काय काय सामान आहे?")

आणि नर्सबाईचा निळा कप फळीवर पालथा पडून राहायला लागला.

"आज नाही गं, वर जायचंय," असं ती जिन्यातूनच म्हणायची. रोज वर. काय होतं वर? एक दिवस ते कळलं. नर्सबाई डबा घेऊन आली. डबा माझाच. आमच्यात डबा रिकामा परत जात नाही.

"खाऊन तरी बघ, वरून आणलाय. पम्पकिन लोफ. साखर नाही, मैदा नाही, लोणी नाही."

"मग आहे काय?"

"भोपळा."

लोफ म्हणजे केकच. पण केक खाल्ल्याची रुखरुख लागू नये म्हणून विटेसारखा लांबट भाजून त्याला लोफ म्हणतात. मी एक तुकडा तोंडात टाकला. दालचिनीचा वास, जायफळ, मऊ, ओलसर. चांगला होता, आणि हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष. वाईट निघाला असता तर मी किती कौतुक केलं असतं.

उरलेला आमच्या ह्यांनी खाल्ला. हे शाळेची बस चालवतात. पन्नास पोरांचा आरडाओरडा ऐकून ऐकून बोलायचंच विसरलेत. पण तो लोफ खाऊन म्हणाले, "अजून आहे का?"

माझ्या हातचं खाताना त्यांनी आजवर असं कधी विचारलेलं नाही. माझ्या हातचं खाताना ते म्हणतात, "अजून आहे?" त्या दोन्हींत किती फरक आहे ते बायकोलाच कळतं.

आणि आता डक्टमधून ही बातमी. नर्सबाई इथून हलणार. कुठे? कुणाबरोबर? नवीन घर घेऊन त्या ट्रेडमिलबरोबर राहणार की काय? दोघी सकाळी उठून वजन करणार, संध्याकाळी लोफ खाणार, आणि मी इथे कान तुटलेला कप पुसत बसणार.

मी ह्यांना म्हटलं, "नर्सबाई जाणारे."

"कुठे?"

"ते नळामुळे कळलं नाही."

"मग विचार की तिला."

पुरुषांना काही कळत नाही. विचारलं असतं तर मला डक्टमधून ऐकू येतं हे तिला कळलं नसतं का? मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. त्या ट्रेडमिलपेक्षा फर्मास लोफ करायचा, नर्सबाईला चहाला बोलवायचं, आणि पहिला घास घेतल्यावर तिचा चेहरा बघायचा. माणूस असा लोफ आणि अशी मैत्रीण सोडून जातोच कसा, ते बघू.

राहिला प्रश्न कृतीचा. ट्रेडमिलला विचारणं म्हणजे माझं नाक कापून तिच्या ताटात वाढणं. पण दैव अनुकूल होतं. दुसऱ्याच दिवशी मी स्टुलावर शेंगा सोलत बसले होते, तर वरून ट्रेडमिलचा आवाज उतरला.

"भोपळा वाफवून कुस्करून घ्यायचा. त्यात गव्हाचं पीठ, भिजवलेले खजूर वाटून. दालचिनी, जायफळ, सुंठ, दोन लवंगा कुटून..."

शेंगा सोडून मी कान टवकारले. तेवढ्यात मिक्सर सुरू झाला. (तिच्याकडे मिक्सर आणि नळ यांना तोंड उघडायची वेळ बरोबर कळते.) मिक्सर थांबला तेव्हा नर्सबाई बोलत होती.

"...मोहरीची पूड चार चमचे. जाडं मीठ मूठभर. गरम पाण्यात कालवायचं, सुती फडक्यात घट्ट बांधायचं आणि ठेवायचं वीस मिनिटं. तेवढा वेळ अजिबात हलायचं नाही. आणि हे बघ, जळजळ झाली तर थांबायचं, हट्ट करायचा नाही."

आवाज बदलला होता हे माझ्या लक्षात आलं होतं, मी काही एवढी बावळट नाही. पण नर्सबाईची सवय मला ठाऊक. डॉक्टरांनी औषध सांगितलं की ती ते मोठ्याने परत म्हणून दाखवते, चूक नको म्हणून. बाजारातून काय आणायचं ते सांगितलं तरी परत म्हणते. तेव्हा ती ऐकलेली कृतीच घोकतेय, यात मला शंका वाटली नाही.

मोहरी ऐकून थोडी चमकले, खरं सांगते. पण म्हटलं, हेल्दी आहे. हेल्दी म्हणजे कुठेतरी त्रास असणारच. शिवाय जळजळ होते हे त्या दोघी स्वतःच कबूल करत होत्या.

हे म्हणाले, "मोहरी? केकमध्ये?"

"लोफमध्ये."

"आणि मूठभर मीठ?"

"साखर नाही ना त्यात. मग मूठभर काहीतरी लागणारच."

ह्यांनी बसची किल्ली उचलली. बसला अजून अवकाश होता, तरी गेले.

आमचा ओव्हन हौसेने घेतलेला. तेव्हापासून त्यात केक सोडून सगळं राहिलं. मी दार उघडलं तर आत दोन कढया, न जुळणारी झाकणं, गेल्या वर्षी हरवलेली चाळण, ह्यांची लोकरी टोपी, आणि ज्यावरून मी कामवालीशी पंधरा दिवस बोलत नव्हते तो पितळी डबा. डबा गुपचूप फळीवर ठेवला. (कामवालीला सांगणार आहे. वेळ आली की.)

भोपळा कुस्करला, मसाले कुटले. घरभर असा वास सुटला की मी खिडकी अजून थोडी उघडली. वर जाऊ दे म्हटलं, कळू दे. मग मोहरी घातली. मग मीठ. मळलेला गोळा जुन्या उशीच्या अभ्र्याच्या फडक्यात घट्ट बांधला. भाकरी बांधून परगावी निघाल्यासारखा दिसत होता. ओव्हनमध्ये ठेवला आणि समोर स्टूल घेऊन बसले. अजिबात हलायचं नाही.

तुम्ही कधी न हलता बसून बघितलंय? नाकाला खाज येते. मी नाही हलले. फोन वाजला. नाही हलले. (फोन वाजला आणि मी उचलला नाही, हे लिहितानाही मला खरं वाटत नाही.) मग दारावरची बेल वाजली. एकदा, दोनदा, तीनदा. कोण असेल? कुरिअर? की समोरच्या दारचा पाहुणा चुकून? माझा जीव तीळ तीळ तुटत होता, पण म्हटलं आज हललीस तर नर्सबाई हातची गेली. मग पावलं धावत वर गेली, वर काहीतरी बोलणं झालं, आणि पावलं परत आली. मी तशीच.

वेळ भरली तशी उठले. पाय बधिर झाला होता, लंगडतच दार उघडलं.

बाहेर नर्सबाई. एका हातात रक्तदाबाचं यंत्र. मागे ट्रेडमिल, घाबरलेली, आणि तीही एका पायावर लंगडत.

"काय झालं तुला?" नर्सबाईने माझा हात धरून दंडाला पट्टा गुंडाळायला सुरुवातच केली. "तीन वेळा बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिली बेल संपायच्या आत तू दारात नाहीस, असं एकदाही झालेलं नाही. मला वाटलं, आत पडलीस की काय."

"मी लोफ करत होते."

"मग?"

"मग काय, हलायचं नसतं ना."

त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हेच, हेच ते एकमेकींकडे बघणं. मला काय वाटलं असेल ते कुणाही बाईने सांगावं. तरी दोघींना आत घेतलं, चहा टाकला. निळा कप नर्सबाईला दिला, ट्रेडमिलला पाहुण्यांचा. (तिला फरक कळावा म्हणून जरा ठसठशीत ठेवला.) फडकं कडेने तांबूस झालं होतं. सोडवलं, लोफ कापला. सुरी जरा अडली, पण म्हटलं, भरीव झालाय.

ट्रेडमिलने घास घेतला. चावला. डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हरली.

नर्सबाईने घास घेतला आणि चावायचं थांबवलं.

"यात मोहरी आहे?"

"आहे."

"जाडं मीठ?"

"मूठभर."

"फडक्यात बांधलंस?"

"घट्ट."

तिने कप खाली ठेवला. "अगं, हा माझा लेप आहे."

"कसला लेप?"

"हिच्या गुडघ्याचा. महिनाभर गुडघा धरलाय हिचा. एकटी राहते, करणारं कुणी नाही, म्हणून मी रोज वर जाते. परवा मी हिला घरच्या घरी लावायचा लेप सांगितला." मग तिने सावकाश माझ्याकडे, खिडकीकडे आणि खिडकीजवळच्या स्टुलाकडे पाहिलं. "तू भोपळा वरून ऐकलास आणि गुडघाही वरून ऐकलास. मधलं काय झालं?"

"मधे मिक्सर होता," मी म्हटलं.

भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. माझा तर वाफवून, कुस्करून, भाजून ताटात पडला होता. आता काय राहिलं होतं लपवायचं? म्हटलं, एकदाचं विचारून टाकू.

"सगळं ऐकलंय मी. तू इथून जाणार आहेस. खरं का खोटं ते सांग, आणि जायचं तर जा, पण कप घेऊन जा. तो मला बघवणार नाही."

ट्रेडमिल पाहुण्यांच्या कपात बघत बसली.

"खरं आहे," नर्सबाई म्हणाली. "तेच सांगायला बेल वाजवत होते."

मी पदराने डोळे पुसले. (थोडी मोहरीही असेल.) "कुठे?"

"पुढच्या खोलीत."

"कुणाच्या पुढच्या खोलीत?"

"माझ्याच. मागच्या खोलीतली कॉट पुढे नेणार आहे. मागच्या खोलीची खिडकी डक्टवर उघडते ना. रात्रपाळी करून सकाळी आडवी होते, तर तुझं सुरू होतं."

"माझं काय सुरू होतं?"

"सगळंच. भाजीवाला, कामवाली, तुझ्या ह्यांची टोपी. तुझ्या पुतणीचं कुठे जमतंय तेही मला तुझ्याआधी कळलं. झोप कशी लागणार? पण तुला सांगायचं कसं, हाच प्रश्न. तुला लागलं असतं ना."

मी खिडकीकडे पाहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, डक्टमधून बोलणं फक्त खाली उतरतं. वर चढतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे..." मी ट्रेडमिलकडे वळले.

"हो काकू," ती म्हणाली. "पण मला राग नाही आला. आईला फोनवर मी आता तेच सांगते, ट्रेडमिल बोलतेय म्हणून."

सुट्टीच्या दिवशी कॉट हलवली. एका बाजूने आमचे हे, दुसऱ्या बाजूने नर्सबाई, आणि मधे मी, सूचना द्यायला. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. तेवढीच ती इथून गेली. निळा कप आता पुन्हा रोज चार वाजता भरतो. फक्त कधी कधी तिसरा कपही लागतो, तो अजून पाहुण्यांचाच आहे. इतक्यात बदलायचं कारण नाही.

उरलेला लोफ नर्सबाईने गरम करून, माझ्याच फडक्यात बांधून, ट्रेडमिलच्या गुडघ्याला लावला होता. टाकवत नव्हता म्हणून. काल मी खिडकीशी शेंगा सोलत बसले होते, हळू आवाजात, म्हणजे कुणाशीच न बोलता, तर वरून हाक आली.

"काकू, आहात ना तिथे?"

मी हातातली शेंग तशीच धरून ठेवली. उत्तर द्यावं तर स्टुलावर बसलेय हे कबूल केल्यासारखं.

"आहात, माहितीये मला. तुमचा तो लोफ," ट्रेडमिल म्हणाली, "अजून आहे का? दुसराही गुडघा दुखतोय."