शमुवेलअण्णांचा जखऱ्या

शमुवेलअण्णा कागदावर उभी रेघ मारल्याशिवाय कॉफीला तोंड लावत नसत. रेघेच्या डावीकडे जखऱ्या, उजवीकडे येशूची आई मरीया. बायबलच्या शुभवर्तमानातल्या या दोघांच्या गोष्टी कशा एकाच साच्यातल्या आहेत, हे मला पटवण्यात सरकारचे किती कोरे कागद खर्ची पडले, देव जाणे.

साठ सालच्या आसपास बेंगळुरूच्या एका सरकारी ऑफिसात आम्ही शेजारीशेजारी टाइपिंग करायचो. अण्णा बेळगावकडचे ख्रिस्ती, मी तिथल्याच बसवनगुडी भागातला. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, म्हणून मी आयताच त्यांच्या तावडीत सापडलो.

"हे बघ, दोघांकडे देवदूत येतो. दोघं घाबरतात. दोघांना मुलाचं नाव आधीच कळतं. दोघंही विचारतात, हे कसं होणार? मग मरीयेला सरळ उत्तर, आणि म्हाताऱ्या जखऱ्याची मूल होईपर्यंत वाचा बंद. असं का?"

मला काय ठाऊक? मी सत्यनारायणाच्या पोथीलाही पेंगणारा माणूस. पण सुटका नव्हती. साहेबांचं पत्र अडलेलं असो की माझं डोकं दुखत असो, "स्वल्प थांब रे" म्हणून अण्णा माझी बाही धरत. रविवारी बाजारात ते दिसले, की मी भाजी न घेताच गल्ली बदलायचो.

एका दुपारी मात्र मीच तोंड उघडलं. सकाळी बायकोनं चौथ्या खेपेला दिवस गेल्याची बातमी दिली होती. "आता या वयात? लोक हसतील," असं म्हणून मी डबा उचलून निघालो होतो. तेच अण्णांपुढे कुरकुरत सांगितलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"माझ्या बायकोनं लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर सांगितलं," ते म्हणाले. "मीही हेच बोललो रे. त्या वेळी माझी वाचा गेली असती, तर फार बरं झालं असतं. ते मूल राहिलं नाही. पुढं तीही गेली. माझं ते बोलणं तसंच राहिलं."

इतकी वर्षं या माणसाला टाळत आलो, याची मला लाज वाटली. अण्णांनी माझ्यापुढचे कागद आपल्याकडे ओढून घेतले. साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो, म्हणाले.

"तू घरी जा. तिला म्हण, चांगलं झालं. आजच म्हण."