इलॅस्टिकवर चालणारे आजोबा

८ नोव्हेंबर, रविवार. आकाश निरभ्र, ऊन कोरडं, वारा इतका बेताचा की खिडकीतला पडदासुद्धा जागचा हलला नाही. (हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जी धूळ उडाली तिचा दोष काही जण वाऱ्यावर ढकलतील. काही जण म्हणजे मी.)

सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "अहो, आजोबा नुसतेच घुरघुरतायत. उचलत काहीच नाहीत. मी शेजारून मशीन मागून आणते."

आणि मी म्हणालो, "थांब. मी बघतो."

आजोबा म्हणजे आमचा व्हॅक्यूम क्लीनर. उभ्या जातीचा. खाली चपटं डोकं, त्या डोक्याच्या पोटात गोल फिरणारा ब्रश, वर दांडा आणि दांड्याला टांगलेली कापडी पिशवी. चालू केला की आधी खोकतो, मग कण्हतो, मग पिशवी टम्म फुगते आणि स्वारी फेरफटक्याला निघते. सासूबाईंनी आम्हाला दिला तेव्हाच तो निवृत्तीला आलेला होता.

एरवी मी त्याला हात लावला नसता. पण बायको शिवणकाम करते, आणि आजवर तिच्याकडे आलेलं काम म्हणजे पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं आणि अंगाने सुटलेल्या लोकांच्या शिवणी उसवून देणं. (यातलं घरचं गिऱ्हाईक मीच.) आता पहिल्यांदाच मोठं काम दाराशी आलं होतं. मोठ्या सभागृहाला रंगमंचाचे नवे पडदे हवे होते आणि त्यांनी नमुन्यादाखल एक पडदा तिच्याकडून शिवून घेतला होता. काळी मखमल. तो पसंत पडला तर उरलेले सहाही तिचेच, नाही पडला तर पुन्हा आपल्या पँटी. सभागृहाच्या मॅनेजर बाई चार वाजता बघायला येणार होत्या. या बाईंची ख्याती अशी की लांबून एक नजर टाकायची आणि "नको" म्हणायचं. आधीच्या एका शिंप्याच्या पडद्याची तर त्यांनी घडीसुद्धा उलगडू दिली नव्हती.

आता काळ्या मखमलीचा स्वभाव असा, की घरातला प्रत्येक दोरा, केस आणि कापसाचा कण तिच्याकडे आपण होऊन राहायला जातो. पुढच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेल्या त्या पडद्यावर रात्रीच्या आकाशाइतके ठिपके होते. ते उचलायलाच आजोबा हवे होते.

शेजारून मशीन आणणं मला नको होतं, कारण शेजारी टापटीपकाका राहतात. ते पायपुसणं पुसतात. गेल्या वेळी मशीन देताना त्यांनी ते कसं धरायचं हे मला करून दाखवलं, मग माझ्याकडून करून घेतलं, आणि परत केल्यावर पिशवीत नाक घालून विचारलं, "काय हो, यात काय ओढलंत?" असला अपमान मी पुन्हा सोसणार नव्हतो.

मी आजोबांना जमिनीवर उताणं केलं. खालची पत्र्याची झाकणी काढली. ब्रशभोवती दोरे गुंडाळले जाऊन त्याचा पार लोकरीचा गुंडा झालेला. निळे, खाकी, लाल, जरीचे. बायकोच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा इतिहास तिथे थरावर थर बसला होता. तो सोडवायला मी हाताशी आली ती कात्री घेतली.

"अहो! माझी कापडाची कात्री!"

ज्यांच्या घरात शिवणकाम होतं त्यांना वेगळं सांगायला नको. कापडाच्या कात्रीने फक्त कापड कापायचं असतं. मी पूर्वी एकदा त्या कात्रीने नखं कापली होती, त्यानंतर आमच्याकडे आठवडाभर शांतता नांदली होती.

"दोराच तर कापतोय. दोरा म्हणजे कापडाच्या जवळचाच."

"तुम्ही माणसाच्या जवळचेच आहात," ती म्हणाली आणि कात्री घेऊन गेली.

दोरे मग मी दातांनी, नखांनी आणि नेलकटरने काढले. तेव्हा खरा रोग कळला. मोटर आणि ब्रश यांना जोडणारा रबरी पट्टा तुटला होता. रविवारी दुकानं बंद. सासूबाई बाजूला बसून शब्दकोडं सोडवत होत्या. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जावईबापू, एवढंच ना? इलॅस्टिक घाला की. रुंदवालं आहे तिच्याकडे. मी दुहेरी टीप मारून देते, बघा किती वर्षं जातं ते."

त्यांनी टीप मारली. पट्टा बसला. इथे थांबलो असतो तर ही नोंद चार ओळींत संपली असती. पण उघडलंच आहे तर मोटरही आतून साफ करावी, असं मला वाटलं. (शेजारी काका मोटर साफ करत नाहीत. ही एक गोष्ट मी त्यांच्यापेक्षा जास्त केली असती.)

मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. वस्तू कुठून आली आणि कुठे गेली पाहिजे, यात माझा हात धरणारा कोणी नाही. वर्तमानपत्राचं एक पान पसरलं, त्यावर पेन्सिलीने आजोबांची आकृती काढली, आणि जो स्क्रू जिथून निघाला तो आकृतीत नेमका तिथेच ठेवत गेलो. देखणं काम झालं. मोटर पुसली, पिशवी रिकामी केली आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर पान नव्हतं.

"आई, इथला कागद?"

"हा काय. यात माझं कोडं होतं ना, अर्धं राहिलेलं." सासूबाईंनी आजोबांच्या छातीच्या जागी सहा अक्षरी शब्द भरला होता. "घाबरू नका. तुमचे स्क्रू मी एकूणएक वेचले. बटणांच्या डब्यात टाकलेत. हरवायला नकोत."

बायकोच्या बटणांच्या डब्यात शर्टाची बटणं, कोटाची बटणं, हुकं, टिचबटणं आणि पँटच्या आकड्या मिळून निदान दोन पिढ्यांचा साठा आहे. मी डबा ओतला. बायको आणि मी पालथे पडून स्क्रू शोधू लागलो. तेवढ्यात फोन वाजला. तो सासूबाईंनीच उचलला.

"हो, हो, या ना चारला. पडदा तयार आहे हो, फक्त आजोबांचंच राहिलंय... नाही, अजून उताणेच आहेत. जावयांनी पोट रिकामं केलंय, पण छाती उघडीच आहे... इलॅस्टिक घातलंय ना, चालतील अजून... बरं, ठेवते."

"कोण होतं?" बायकोने बटणांतून मान वर काढली.

"तुझ्या मॅनेजर बाई. फार हळव्या आहेत गं. एकदम गप्पच झाल्या."

स्क्रू सगळे मिळेनात. तीन वाजून गेले होते. बायको पडद्यावरचा एकेक ठिपका नखाने टिपू लागली. शेवटी सासूबाईंनीच सूत्रं हाती घेतली. मोटरच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला भोकं होतीच. त्यांतून त्यांनी जाड सुई घातली आणि चार कोटाची बटणं टाचून झाकण पक्कं केलं. दांड्याचा सांधा ढिला होता, तिथे रुंद पट्टी आणि दोन हुकं. बायकोही नकळत कामाला लागली. आजोबा एखाद्या लग्नाच्या सूटसारखे अंगावर शिवले जात होते.

"खांद्यात जरा सैल ठेव," सासूबाई म्हणाल्या.

"वाकताना ओढ बसेल?" बायकोने विचारलं.

उताणे असतानाच बटण दाबलं. ब्रश क्षणभर थबकला, इलॅस्टिक ताणलं गेलं, आणि मग तो असा गरगरा फिरला की आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क नाचलो. बायको हसली. तिने माझा दंड धरून म्हटलं, "खरंच जमलं हो तुम्हाला!" (हे वाक्य मी जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.)

चारला पाच मिनिटं कमी होती. सासूबाईंनी पिशवी आणून लावली, मी आजोबांना मखमलीच्या मधोमध उभं केलं आणि बटण दाबलं.

आजोबा खोकले नाहीत, कण्हले नाहीत. पिशवी एका दमात फुगली आणि तिच्यातून सगळीकडून, एखादी सतरंजी एकाच वेळी शंभर काठ्यांनी झोडपावी तशी, राखाडी धूळ उसळली. मी बटण बंद करायला वाकलो तर आजोबा इलॅस्टिकच्या जोरावर पुढे पळाले. मी मागे. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आम्ही दोघांनी एकही जागा मोकळी सोडली नाही. शेवटी बायकोने भिंतीतला प्लग उपटला. छातीचं एक बटण उडून खिडकीवर आपटलं, मोटरमधून थोडा धूर आला आणि सगळं शांत झालं.

"आई," बायको अगदी हळू म्हणाली, "पिशवीला तू काही केलंस?"

"काही नाही गं. कुणीतरी उलटीच लावली होती इतकी वर्षं. सगळ्या शिवणी बाहेर! म्हटलं, पाहुण्या येणार, बरं दिसत नाही. सुलटी केली."

म्हणजे आजोबांनी जन्मभर आत साठवून ठेवलेला सगळा थर आता बाहेरच्या अंगाला होता. होता म्हणजे, मघापर्यंत होता.

दारावरची बेल वाजली.

मॅनेजर बाई हलक्या पावलांनी आत आल्या. राखाडी चेहऱ्याची तीन माणसं पाहून त्यांनी पदर छातीशी धरला. "आजोबा..."

"गेले," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी थोडा धूर आला, बस्स."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मी आजोबांकडे बोट दाखवून खुलासा केला. बाईंनी त्यांची बटणं पाहिली, पिशवी पाहिली, मला पाहिलं. मग त्यांची नजर जमिनीवर गेली. "आणि हा माझा काळा पडदा?"

बायकोचे डोळे भरून आले होते. तरी ती ताठ उभी राहून म्हणाली, "बाई, रंग खाली आहे. शिवण मी चोख केलीय. धुळीकडे बघून नको म्हणू नका."

बाई उठल्या, सासूबाईंनी दाखवलेल्या शेजारच्या दारी गेल्या आणि टापटीपकाकांना मशीनसकट घेऊन आल्या. (काकांनी दारातच विचारलं, "काय हो, यात काय ओढलंत?") बाईंनी पदर खोचला. काका मशीन फिरवत होते, बायको मखमल ताणून धरत होती आणि बाई गुडघ्यांवर बसून वीत वीत पुढे सरकत ब्रशने उरलेले कण टिपत होत्या. ज्या आजवर प्रत्येक पडदा लांबूनच बघत आल्या, त्या बाईंच्या नाकापासून चार बोटांवरून त्या दिवशी बायकोचा टाका न् टाका गेला. कोपऱ्यापाशी त्या थांबल्या. दुमड उलटून पाहिली. पुन्हा पाहिली.

"हा टाका दिसत कसा नाही?"

"तो दिसू द्यायचाच नसतो," बायको म्हणाली.

"हं," म्हणून बाई पुढच्या वितीकडे सरकल्या. मी मदतीला गुडघ्यावर बसलो. तिघांनी एकदम "नको!" म्हटलं. मी उठलो.

सहा वाजता पडदा काळा झाला.

पडदा पसंत. उरलेले सहाही बायकोकडे. आजोबा बंद. शिवणकाम दर रविवारी. त्या दिवशी टापटीपकाकांचं मशीन आमच्याकडे राहील आणि मी टापटीपकाकांकडे.