हालिनाबाईंकडे राहिलेला डबा

विमलताईंच्या दोन्ही बॅगा भरून, वजन करून, कुलपं लावून झाली आणि मग त्यांना डबा आठवला. झाकणावर 'सौ. विमल' असं कोरलेला, माहेरहून लग्नात आलेला स्टीलचा डबा. सोमवारी परतीचं विमान होतं आणि डबा होता शेजारच्या हालिनाबाईंकडे.

"त्यात काय, मागून आणतो," चंद्रहास म्हणाला. आईसाठी त्याने शुक्रवारची रजाच टाकली होती.

"नुसता कसा मागायचा? त्या भरून देणार. मग आपल्याला भरून पाठवावा लागणार. मग माझा डबा मला मिळणार कधी?"

चार महिने हेच चाललं होतं. न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला मुलाकडे आल्या आल्या विमलताईंनी या डब्यातून शेजारी चकल्या पाठवल्या. हालिनाबाईंनी डबा परत केला तो पिएरोगी भरून. पिएरोगी म्हणजे बटाटा-चीजचं सारण घातलेल्या उकडलेल्या करंज्याच. मग इकडून खऱ्या करंज्या गेल्या. हालिनाबाई पोलिश. त्यांची आई लहानपणी दुसऱ्या महायुद्धातून वाचलेल्या मुलांबरोबर जहाजाने इथे आली होती. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्यांच्याही घरात अगदी ठाम. या दोन हट्टी घरांच्या मध्ये चंद्रहासच्या कमरेचा पट्टा दोन भोकं पुढे सरकला होता.

त्याला डब्याचं एवढं वाटत नव्हतं. खुपत होतं ते आईचं कालचं बोलणं. "गुडघे ऐकत नाहीत रे आता. हा शेवटचाच फेरा समज." तेव्हापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

तो शेजारी गेला. हालिनाबाईंनी कपाळाला हात लावला. डबा शंकरपाळ्यांसकट गेल्या रविवारी पोलिश क्लबच्या जेवणाला गेला होता आणि तिथून बार्बराबाई उरलंसुरलं त्यात भरून घेऊन गेल्या होत्या.

चंद्रहासने गाडी काढली.

"तो सुंदर डबा?" बार्बराबाई म्हणाल्या. "तो मी यानेककडे दिला, खसखशीचा रोल घालून. रिकामा कसा देणार?"

रिकाम्या हाताने चंद्रहासला तरी कसं पाठवणार? त्यांनी काकडीच्या लोणच्याची बरणी त्याच्या हातात दिली. यानेकआजोबांनी डबा सफरचंदाचा केक घालून पुढे धाडला होता. त्यांनी चंद्रहासला कोबीचं भलंमोठं पातेलं दिलं. पुढच्या घरीही डबा नव्हता, बीटच्या साराची किटली मिळाली.

संध्याकाळी त्याच्या बायकोने, सुमेधाने, ओट्यावरची रांग बघितली. "एक डबा आणायला गेला होतास ना?"

विमलताईंनी पदर खोचला. "एवढी लोकांची भांडी! ही काय रिकामी द्यायची?"

"आई, परवा सोडून तेरवा फ्लाइट आहे तुझी!"

"म्हणूनच म्हणते. बेसन आण. कोपऱ्यावरच्या दुकानात नाही मिळायचं, इंडियन दुकानात जा."

शनिवार लाडू वळण्यात गेला. गुडघ्यांचं कुणी नावही काढलं नाही.

रविवारी तिघं भरलेली भांडी घेऊन पोलिश क्लबात गेले. मधल्या टेबलावर डबा होता. हालिनाबाईंनी घरोघर फोन करून तो शोधून काढला होता, घासून लख्ख केला होता आणि अर्थातच पिएरोगींनी भरला होता.

"माझ्या आईच्या घरातलं एकही भांडं तिच्याबरोबर आलं नाही," त्या विमलताईंना म्हणाल्या. "तुझा डबा हरवला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. घरी ने."

विमलताईंनी डबा घेतला आणि झाकणावरच्या नावावरून बोट फिरवलं. मग पिएरोगी ताटात काढल्या, डबा लाडवांनी गच्च भरला आणि पुन्हा हालिनाबाईंच्या हातात दिला.

"आई! विमान उद्या आहे. डबा?"

"राहू दे. आता त्यांच्याकडून भरून यायला नको का? दिवाळीला येईन तेव्हा घेईन."

"आणि गुडघे?"

"त्यांना काय इथेच ठेवून जातेय? येतील माझ्याबरोबर!"

हालिनाबाईंनी विचारलं, विमल काय म्हणतेय? "दिवाळीला पुन्हा येणार म्हणते," चंद्रहास म्हणाला. त्याने ताटातली एक पिएरोगी तोंडात टाकली. ती सरळ घशाखाली उतरली, तेव्हा पट्ट्याचा विचार न करता त्याने दुसरी उचलली.