उंद्रीचा सोडलेला मंडप

मंजुश्रीच्या लग्नाचा मंडप उभा राहून थोडाच वेळ झाला होता, तोच गुलाम रसूलभाईंनी तो सोडायला घेतला. उभी हयात त्यांनी उंद्रीत मंडप घातले. लग्नाआधीच सोडायची पाळी मात्र पहिलीच. कारण लेकीचा, आलिमाचा फोन आला होता. ती नागपूरला हवामान खात्यात होती.

"अब्बा, उपग्रहानं तिकडच्या हवेचा एकेक थर मोजला. खाली गरम, ओली हवा अन् वर एकदम थंड. सांजेले गारपीट होऊ शकते. मंडपात माणसं बसवू नका."

वधूपिता उकंडराव धावत आले. "रसूलभाई, हे काय करून राह्यले?"

"गारा येतीन म्हणते आलिमा. सरकीचं गोदाम रिकामं हाय, लग्न तिथं लावू."

"आभाळ तं कोरं हाय! नागपुरातून पोरीले उंद्रीचं आभाळ दिसते काय?"

"दिसते. वरून."

उकंडरावांना पटलं नाही, पण तोवर कनाती उतरल्या होत्या. ते कुणीतरी पाहिलं आणि लग्न मोडल्याची बातमी थेट वऱ्हाडापर्यंत गेली. बीबी गावाहून निघालेलं वऱ्हाड वाटेतच थांबलं. नवरदेवाचे वडील फोनवर गरजले, "मंडप काऊन काढला? पोरगी द्याची नाही काय?" मंजुश्रीची आई शालूबाई पदरात तोंड लपवून रडू लागल्या. उकंडरावांनी लेकीची शपथ घेतली, तेव्हा कुठं वऱ्हाड हललं.

उन्हं कलली तरी आभाळ लख्ख. गोदामात पाहुणे घामाघूम, आणि सगळ्यांच्या नजरा रसूलभाईंवर. त्यांनी कोपऱ्यात जाऊन फोन लावला.

"बेटा, एक ढग नाही!"

"अब्बा, होऊ शकते म्हटलं मी. होईलच असं नाही."

"अन् त्याच्यावर मी मंडप सोडला!"

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यापुढं गावात कोण बोलावणार? तरी 'मंडप परत बांधा' असं काही त्यांच्या तोंडून निघेना.

मंगलाष्टकं सुरू झाली आणि पत्र्यावर काहीतरी टणकन आपटलं. मग पुढचा शब्द कुणालाच ऐकू आला नाही. लिंबाएवढ्या गारा! मैदानात राहिलेल्या खुर्च्यांच्या ठिकऱ्या झाल्या. आत मात्र कुणाला खरचटलंही नाही.

गारा थांबल्यावर उकंडराव त्या पांढऱ्या मैदानाकडे बघत राहिले. मग रसूलभाईंजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते.

"पोरीले फोन लावा."

 लेकीचे आभार मानायचे असतील, असं समजून रसूलभाईंनी फोन लावून पुढं केला.

उकंडराव अदबीनं म्हणाले, "आलिमाबेटा, पंगत बाहेर बसवू काय? तू म्हणशीन तसं."